बोटाच्या पुढची ओळ

पंचफुलाआत्या येणार हे सवितानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आधी चर्चा झाली असती, मग रुसवेफुगवे, मग कुणाचं तरी डोकं फिरलं असतं आणि शेवटी नेहमीसारखं काहीच झालं नसतं. म्हणून तिनं परस्पर फोन केला होता. "आत्या, हंगामाच्या सणाच्या आदल्या दिवशी या. भुजंगकाकाबी मानवतवरून येणार हायत. दोन्ही भाऊ एका जागी घावतील. पुढचं मी बघते."

पुढचं मी बघते, हे फोनवर म्हणायला काही लागत नाही. आता ते पुढचं अंगणात येऊन उभं होतं. डोक्यावर पदर, हातात पिशवी, काखेत काळी घोंगडी, आणि मागं लग्नाच्या वयाची पोर. चारठाण्याहून परभणी, परभणीहून पालम आणि तिथून टमटम, असा सकाळपासूनचा प्रवास दोघींच्या तोंडावर दिसत होता.

ओसरीवर उद्याची तयारी चालली होती. मंडळीच्या सणाला ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं, घरातलं पहिलं जे असेल ते चर्चमध्ये नेऊन ठेवायचं, असा रिवाज. कापसाचं बोचकं, सोयाबीनची पिशवी आणि दोन भोपळे काढून ठेवले होते. खाटेच्या पायाला बांधलेला कोंबडा आपल्याला कशासाठी निवडलंय हे कळल्यासारखा भलत्या वेळी आरवत होता. भुजंगकाका खुर्चीत बसून बशीतला चहा फुंकत होते. ते मंडळीचे पंच. आपल्याशिवाय सण होत नाही अशी त्यांची खात्री होती, आणि अजून तरी ती कुणी खोटी ठरवली नव्हती. बहिणीला बघून त्यांची फुंकर मधेच थांबली.

"कोण आलंय?" खाटेवरून रामकिशनअण्णांनी विचारलं. हे सविताचे सासरे, भुजंगकाकांचे थोरले भाऊ. मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे दुधाळले होते. कुणीतरी आलं एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून.

"मी हाय, अण्णा."

अण्णांचा हात खाटेच्या काठावर घट्ट झाला. "फुला?"

आत्या घर सोडून गेल्या तेव्हापासून हे नाव त्या ओसरीवर कुणी घेतलं नव्हतं. सविता लग्न होऊन आली त्याच्याही आधीची ती गोष्ट. आता अण्णांनी नाव घेतलं, तरी 'ये, बस' काही म्हणाले नाहीत. आत्या ओसरीच्या कडेला, चपला घातलेले पाय खालीच ठेवून टेकल्या. शेजारी त्यांची बबिता. सविता पटकन पाण्याचा तांब्या घ्यायला वळली, तर सासूबाईंनी, बायनाबाईंनी, तिचं मनगट धरलं.

"थांब. बोट पडल्याबिगर पानी न्हाई."

बोट ठेवणं ही त्या घराची रीत. अण्णांचे वडील येडबाआबा यांनी घातलेली. आबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जुनं सगळं मागं सोडलं म्हणतात, पण गावात वाढलेल्या माणसाची एक सवय नकळत बरोबर आली. मोठी गोष्ट ठरवायची तर वरून कौल घ्यायचा. आता कौल द्यायला शास्त्र होतं, म्हणजे बायबल. हात धुवायचे, लाल कापडात गुंडाळलेलं शास्त्र फळीवरून काढायचं, डोळे मिटून उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ती ओळ वाचायची, तेवढीच, आणि परत गुंडाळून ठेवायचं. त्या ओळीवर घरातली लग्नं जमली, मोडली, त्या ओळीवर भुजंगकाका मानवतला दुकान टाकायला गेले. ज्याचा फैसला व्हायचा असेल त्याला तोवर पाणी द्यायचं नाही. पाणी दिलं की माणूस घरातलं झालं, मग कौल कशाला घ्यायचा?

"मी ऱ्हायला न्हाई आले," आत्या म्हणाल्या. आवाज सरळ होता, गयावया नव्हती. "मागायला आले. बबिताचं जमलंय. पोरगा जिंतूरचा हाय, गुणाचा हाय. सगळं झालं. लगनात पोरीच्या पाठीशी मामा उभा लागतो. मला दोन भाऊ हायत. एक तरी द्या."

भुजंगकाकांनी बशी खाली ठेवली. "तुमच्याकडच्या लगनात मी उभा ऱ्हाऊ? मंडळीचा पंच हाय मी. उद्या लोक तोंडात शेण घालतील."

"मामा भाचीच्या पाठीशी उभा ऱ्हातो, भुजंग. कुणाच्या देवापुढं उभा ऱ्हा म्हनत न्हाई मी तुला."

"ते तू मला नको शिकवू. तुझा फैसला आबांनी केलाय." काका अण्णांकडं वळले. "न्हाईतर असं करा अण्णा, बोट ठेवा. जे येईल ते मला कबूल. हिलाबी कबूल पाहिजे."

अण्णांनी खाटेखाली पाय सोडले. म्हणाले, "हात धुवायला पानी आणा."

सविता चुलीपाशी आली तर मागोमाग तिचा नवरा जीवन आत. जीवनची अवस्था धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी झाली होती. एकीकडं काका, ज्यांनी त्याला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, आणि दुसरीकडं आत्या, जिनं त्याला पाटीवर पहिलं अक्षर काढून दिलं.

"तू मला सांगायला पाहिजे होतंस," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुमी काकांना सांगितलं असतं."

जीवननं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही, हा त्याचा एक मोठा गुण होता.

"आन् आता बोट वाकडं पडलं तर?"

"पडू द्या," सविता म्हणाली. "बोटाची भीती मला न्हाई ऱ्हायली आता."

ती खरंच राहिली नव्हती, आणि त्यालाही कारण होतं. सविताचं स्वतःचं लग्न बोटावरच जमलेलं. रूथच्या पुस्तकातली ओळ आली होती: तू जाशील तिकडं मी येईन, तुझी माणसं ती माझी माणसं. केवढी कौतुकाची ओळ. लग्नपत्रिकेवर छापली. नवऱ्याला उद्देशून बायकोनं म्हटलेली ओळ, असं धरून सविता किती वर्षं मनातल्या मनात लाजली होती. पुढं अण्णांचे डोळे अंधुक झाले. ऑपरेशनचं नाव काढलं की ते "कापूस घरात येऊ दे" म्हणायचे, आणि कापूस दर वर्षी घरात यायचा, पण अण्णा काही दवाखान्यात जायचे नाहीत. एके सकाळी त्यांनी सुनेला बोलावलं. "बाई, मला दिसत न्हाई. तू वाचून दावत जा. पहिल्यापासून."

पहिल्यापासून वाचायचं असतं, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. सवितानं लाल कापड सोडलं, तर निम्मी पानं एकमेकांना चिकटलेली. छापून आल्यावर ती कुणी वेगळी केलीच नव्हती. शास्त्र चार-दोन ठिकाणीच आपोआप उघडायचं, कारण तिथंच ते आधी उघडलेलं होतं. त्या पानांच्या कडा हातांनी काळ्या झालेल्या, बाकीचं सगळं कोरं. तिनं घोंगडी शिवायच्या दाभणानं एकेक पान हळूच सोडवलं. देव एवढं बोलला आणि आपण चार ओळी ऐकल्या, हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

सुरुवातीला तिनं ते काम म्हणून केलं. उजाडता उजाडता चूल पेटवायची, भाकरी थापायची आणि एक अध्याय वाचायचा. पण गोष्ट ही गोष्ट असते. भावाला भावांनी विकलं त्या दिवशी अण्णा म्हणाले, "मंग पुढं काय झालं?" सविता म्हणाली, "उद्या." अण्णा म्हणाले, "उद्यापतोर मला दम न्हाई निघायचा." तिनं पुढचा वाचला, तव्यावरची भाकरी जळली, आणि बायनाबाईंनी दोघांनाही सुनावलं. असं पुढं कितीदा तरी झालं. नियमांच्या पुस्तकात दोघं पेंगली, स्तोत्रांत दोघं रडली. रूथचं पुस्तक आलं तेव्हा सविताला कळलं की आपली लाडकी ओळ कुणी नवऱ्याला म्हटलेलीच नाही. सुनेनं सासूला म्हटलेली आहे. आणि ती सून दुसऱ्या मुलखातली, दुसऱ्या लोकांतली. ती त्या सकाळी चुलीपाशी एकटीच हसली. मग तिचं हसू गेलं, आणि तिला न पाहिलेल्या पंचफुलाआत्यांची आठवण झाली.

आत्यांच्या वेळी काय झालं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी चारठाण्याच्या बजरंगशी, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या पोराशी, लग्न करायचं म्हटलं आणि आबांनी शास्त्र काढलं. आबांना अक्षरओळख जेमतेम. बोट त्यांचं असायचं आणि वाचायची हीच लेक, कारण शाळेत टिकलेली ती एकटीच. त्या दिवशीही सवयीनं त्यांनी शास्त्र तिच्यापुढं सरकवलं. उत्पत्ती, अध्याय एकविसावा. ह्या दासीला आणि तिच्या लेकराला घरातून घालवून दे. पोरीनं ती ओळ मोठ्यानं वाचली, शास्त्र मिटलं, लाल कापडात नीट गुंडाळून फळीवर ठेवलं आणि पिशवी उचलून निघून गेली. आपल्याच तोंडानं आपलाच फैसला वाचून गेलेली लेक सबंध तालुक्यात दुसरी नसेल.

सविता वाचत वाचत त्या अध्यायाशी आली होती तेव्हा अण्णांनी नेमकं त्याच ओळीला हात वर केला. "बस. आजच्याला एवढंच." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बाविसावा काढ." तिनं काढला. पण दुपारी, भांडी घासून झाल्यावर, तिनं एकटीनं एकविसावा पुरता वाचला. मग परत एकदा वाचला. त्या दिवसापासून तिच्या मनानं घेतलं होतं की हे एक दिवस ह्या ओसरीवर मोठ्यानं वाचलं गेलं पाहिजे. कोण वाचेल, हे मात्र तिला तेव्हा सुचलं नव्हतं.

बायनाबाई कळशी घ्यायला आत आल्या आणि सुनेपुढं उभ्या राहिल्या. "तूच बोलावलंस तिला."

"व्हय, बाई."

"मला वाटलंच. तुझ्या मामंजींना एवढं धाडस न्हाई." त्यांनी कळशी कमरेवर घेतली. "पोरीचं त्वांड सुकून गेलंय गं. पर मी आबांचा रिवाज न्हाई मोडायची. माझ्या सासऱ्याचा शबूद हाय तो."

"नका मोडू. बाई, ती रूथ आठवती का तुमाला? माझ्या पत्रिकेतली?"

"न आठवायला काय झालं. रोज ऐकते की मीबी, चुलीपाशी बसून."

"ती बाहेरचीच व्हती."

बायनाबाईंनी सुनेकडं बघितलं. कळशी घेऊन जाताना त्यांनी थांबून रांजणावरची ताटली सरळ केली, जी आधीच सरळ होती.

ओसरीवर अण्णांच्या खाटेभोवती सगळे उभे राहिले. अण्णांनी हात धुतले, पुसले. जीवननं शास्त्र आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. लाल कापड सोडताच ते आपसूक मधोमध उघडून पसरलं. भुजंगकाकांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"काय हाल केलेत ह्याचे. आबांच्या टायमाला कसं घट्ट व्हतं. वाचून वाचून खिळखिळं केलंत."

"आता कुठंबी उघडतं, काका," सविता म्हणाली.

अण्णांनी डोळे मिटले. मिटले काय न मिटले काय, त्यांना दिसत नव्हतंच, पण रीत ती रीत. त्यांनी ओठातल्या ओठात प्रार्थना केली, पानं चाळवली आणि बोट टेकवलं. आत्यांनी बबिताचा हात धरला. कोंबडासुद्धा त्या घडीला गप्प होता.

"वाच, सविता."

सविता वाकली. तिला हसू येत होतं ते तिनं गिळलं. "नावं हायत, अण्णा. ह्याचा पोरगा हा, त्याचा पोरगा तो. सबंध पान नावांचंच हाय."

"एखाद्या बाईचं हाय का नाव?" बायनाबाईंनी विचारलं.

"एक हाय. ह्यांची बहीण अमुक, म्हणून."

मग भुजंगकाका म्हणाले, "त्यानं काय फैसला हुतो? परत ठेवा बोट."

"आबांनी कवा दोनदा न्हाई ठेवलं," अण्णा म्हणाले.

"मंग आबांचं पहिलं बोट हाय तेच चालू ऱ्हायलं. उत्पत्ती, एकवीस. विषय मिटला." काका खुर्चीकडं वळले.

सविताला वाटलं, हीच वेळ. आवाज तिनं रोज सकाळी वाचायचा तसाच ठेवला. "चालंल, काका. आबांचंच चालू द्या. मी एकविसावा काढते. फक्त बोटापाशी थांबायचं न्हाई. अध्याय पुरता वाचायचा."

"ही कुठली नवी रीत?"

"ह्या घरातलीच हाय. अण्णा आन् मी रोज तसंच वाचतो. आबांचं बोट खोटं हाय असं मी म्हणत न्हाई. बोट बरोबर जागी पडलं व्हतं. आपण लवकर मिटलं."

सगळे अण्णांकडं बघू लागले. जीवनही. आणि जीवन, ज्यानं आजवर कुठल्याच बाजूला पाय टाकला नव्हता, हळूच पुढं झाला आणि बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला.

अण्णांनी शास्त्रावरून हात फिरवला. "त्या दिशी मी तुला मधीच बस म्हणलं व्हतं."

"व्हय, अण्णा."

"तू पुढचं वाचलंस?"

"वाचलं."

"काय हाय?"

"मी सांगून काय उपेग? ऐकल्यावर कळंल."

अण्णांचा चेहरा उजळला. रोज सकाळी 'मंग पुढं काय झालं' विचारणारा चेहरा तो. त्यांनी शास्त्र उचललं, सुनेकडं दिलं नाही. आवाजाच्या अदमासानं ओसरीच्या कडेकडं धरलं.

"फुला, इथवर तूच वाचलं व्हतंस. पुढंबी तूच वाच."

आत्या जागच्या हलल्या नाहीत. सवितानं शास्त्र घेतलं, अध्याय काढला आणि त्यांच्यापाशी नेलं. आत्यांनी आधी काखेतली घोंगडी सोडून पसरली. आपल्या मेंढरांच्या लोकरीची, उद्याच्या सणात ठेवायला म्हणून आणलेली. तिच्यावर त्यांनी शास्त्र ठेवलं. ती ओळ शोधायला त्यांना वेळ लागला नाही. पहिल्यांदा वाचताना अडखळल्या, मग जुनी लय सापडली, शाळेत वाचायच्या तशी, प्रत्येक शब्दाला धरून.

दासीला घालवून दे, असं अब्राहामाची बायको सारा त्याला म्हणाली. अब्राहामाला फार वाईट वाटलं, कारण ते लेकरू त्याचंच होतं. देव त्याला म्हणाला, तू दुःख करू नको, सारा सांगते तसं कर.

"बघा," भुजंगकाका म्हणाले. "देवबी तेच म्हणतोय."

"पुढं, आत्या," सविता म्हणाली.

पण त्या दासीच्या लेकराचंही मी मोठं कुळ करीन, कारण तेही तुझंच बीज आहे. मग अब्राहामानं सकाळी उठून भाकर घेतली, पाण्यानं भरलेली चामड्याची मसक घेतली, तिच्या खांद्यावर दिली आणि तिला लेकरासकट वाटेला लावलं.

"पानी दिलं व्हतं त्यानं?" बायनाबाईंनी मधेच विचारलं.

"दिलं व्हतं, वैनी," आत्या म्हणाल्या, आणि वर न बघता पुढं वाचू लागल्या. ती रानात भटकत राहिली. मसकेतलं पाणी संपलं. तेव्हा तिनं लेकराला एका झुडपाखाली टाकलं आणि आपण लांब जाऊन बसली. लेकराचं मरण मला बघवणार नाही, असं म्हणून ती...

आत्यांचा आवाज फुटेना. ओठ हलत होते, बोट ओळीवर होतं, पण घशातून शब्द निघत नव्हता. त्यांनी आवंढा गिळला, परत सुरुवात केली, आणि नुसता खोकला आला. बबितानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"अरे पानी द्या की तिला कुणीतरी," भुजंगकाका वैतागून म्हणाले. "घसा कोरडा पडलाय तिचा, दिसत न्हाई का?"

बायनाबाई दिराकडं बघत राहिल्या. जीवन बघत राहिला. सविता बघत राहिली आणि मुद्दाम जागची हलली नाही. काकांच्याही तेव्हा ध्यानात आलं आपण काय बोललो ते. त्यांचा हात मिशीकडं गेला, खाली आला.

"काय बघायलात माझ्याकडं? सकाळपासून परवास करून आलेली बाई हाय," ते म्हणाले. तरी कुणी हललं नाही, तेव्हा ते स्वतःच उठले.

रांजण दाराच्या आत होता. ताटली काढल्याचा आवाज आला, मग पाणी बुडबुडल्याचा. काका तांब्या घेऊन बाहेर आले. इतका भरला होता की दोन्ही हातांनी धरूनही पाणी धोतरावर सांडत होतं. बहिणीपुढं ते वाकले. वाकताना त्यांचे गुडघे वाजले आणि डोळे भरून आले, आणि एवढ्या मोठ्या पंचाला ते लपवता आलं नाही.

आत्यांनी तांब्या घेतला. स्वतः नाही प्यायल्या. आधी बबिताला दिला.

पोर घटाघटा प्यायली. तिनं अर्धा तांब्या आईकडं परत केला, मग आत्या प्यायल्या. अण्णांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ते मान हलवत होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"वाच, फुला," ते म्हणाले. "ती लांब जाऊन बसली. मंग पुढं काय झालं?"

आत्यांनी पदरानं ओठ टिपले आणि वाचलं. देवानं लेकराचा आवाज ऐकला. तिला वरून हाक आली, तुला काय झालं, भिऊ नको, लेकरू आहे तिथून देवानं त्याचं ऐकलं आहे. ऊठ, त्याला उचल, आपल्या हाताशी धर. मग देवानं तिचे डोळे उघडले, आणि तिला पाण्याची विहीर दिसली. तिनं जाऊन मसक भरली आणि लेकराला पाणी पाजलं. आणि देव त्या लेकराबरोबर होता.

भुजंगकाका रिकामा तांब्या हातात धरून अजून तिथंच उभे होते. "हे ह्याच अध्यायात हाय?"

"त्याच पानावर," सविता म्हणाली. "बोटापासून चार बोटं खाली."

"आन् आबांनी मिटलं."

"आपण सगळ्यांनीच मिटलं," अण्णा म्हणाले. "आता हितनं पुढं ह्या घरात बोट न्हाई ठेवायचं. वाचायचं. आन् भुजंग, तू सणापुरता आलायस तर उद्या सकाळी उठून बस ऐकायला. भाकरी जळली तर बायना बोलंल, तेवढं सोसायचं."

बायनाबाईंनी तोवर कोंबड्याची दोरी सोडून ती दुसऱ्या खाटेला बांधली होती, कारण पाहुण्यांना बसायला जागा पाहिजे होती. त्यांनी बबिताच्या दंडाला धरून तिला ओसरीवर घेतलं, चपला काढायला लावल्या आणि भाकरी टाकायला आत गेल्या. उद्याच्या भोपळ्यांतला एक जाताना उचलून नेला. सवितानं ते पाहिलं. एका भोपळ्यावर सणाचं काही अडणार नव्हतं.

भुजंगकाका खाली बसले, खुर्चीत नाही, घोंगडीच्या कडेला. खूप वेळ त्यांनी तिच्या काठावरून अंगठा फिरवला. "चर्चच्या पाळकसाहेबांना काय सांगायचं ते मी सांगीन," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. मग घसा खाकरला. "लगन कवा हाय म्हणालीस?"

पंचफुलाआत्यांनी शास्त्र मिटलं नाही. पानावर हात ठेवून भावाकडं बघितलं.

"तारीख न्हाई काढली अजून," त्या म्हणाल्या. "मामाला इचारल्याबिगर कशी काढावी?"